दुसऱ्या प्रयोगाची वाट

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ११ मार्च १९०३ रोजी एथेल स्माइथ या इंग्रज संगीतकर्तीचा ‘डेर वाल्ड’ हा एकांकी ऑपेरा झाला. त्यानंतर त्याच संस्थेच्या रंगमंचावर एखाद्या स्त्रीचा ऑपेरा यायला १ डिसेंबर २०१६ उजाडावं लागलं. तो फिनलंडच्या काइया सारिआहोचा ‘लामूर द ल्वाँ’. मधे ११३ वर्षं गेली.

हा आकडा हल्ली स्त्री संगीतकारांवरच्या प्रत्येक लेखात असतो, आणि त्यावरून काढला जाणारा निष्कर्षही ठरलेला असतो: बायकांना दार उघडलंच गेलं नाही. मला हे निदान अपुरं वाटतं. दार उघडलं होतं, एकदा नव्हे अनेकदा. फ्रांचेस्का काच्चीनीचा ऑपेरा फ्लॉरेन्सच्या दरबारासाठी १६२५ मध्येच झाला होता. लुईझ बेर्तँच्या ‘ला एस्मेराल्दा’ची संहिता साक्षात व्हिक्टर ह्यूगोने लिहिली आणि १८३६ मध्ये तो पॅरिस ऑपेरात रंगला. एमी बीचची सिम्फनी बॉस्टन सिम्फनीने १८९६ मध्ये वाजवली. फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकर्तीची पहिली सिम्फनी शिकागो सिम्फनीने १९३३ मध्ये सादर केली. पहिला प्रयोग झाला, टाळ्या पडल्या, वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. मग पुढे?

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत प्रयोगाचा आकडा ठळक टाईपात छापतात, ते उगाच नाही. शुभारंभाला हितचिंतक येतात. नाटक उभं राहतं ते पन्नासाव्या प्रयोगाला. सिम्फनी आणि ऑपेराचं गणित याहून कठोर आहे. गाण्याला एक गळा आणि एक पेटी पुरते. सिम्फनीला साठ-सत्तर वादक लागतात, प्रत्येक गटापुढे त्याची स्वतंत्र प्रत लागते, आणि तालमीचा तास न् तास पैशात मोजला जातो. वाजणार असेल तरच प्रकाशक प्रती छापणार, आणि छापील प्रती असतील तरच ऑर्केस्ट्रा वाजवणार. या चक्रात पुरुषही अडकले, शेकड्यांनी अडकले. पण त्यांच्यातल्या काहींना ओढून बाहेर काढणारे शिष्य, जावई, मित्र कंडक्टर आणि प्राध्यापकी होती.

लुईझ फारांकचं उदाहरण घ्या. पॅरिस कॉन्झर्व्हेटोरीत १८४२ पासून तीसएक वर्षं ती पियानो शिकवत होती. पुरुष सहकाऱ्यांपेक्षा पगार कमी म्हणून तिने संचालकांकडे पत्र लिहून दाद मागितली, आणि १८५० मध्ये बरोबरीचा पगार मिळवला. इतकी खमकी बाई. पण तिच्याकडे वर्ग होता तो पियानोचा आणि तोही मुलींचा. रचनाशास्त्र शिकवण्याची जागा तिला कधी मिळाली नाही. म्हणजे तिच्या सिम्फनी पुढे नेतील असे शिष्य तयार होण्याची सोयच नव्हती. तिन्ही सिम्फनी तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत.

यातली तिसरी, जी मायनरमधली, मन लावून ऐकावी. एकटा ओबो सुरुवात करतो, खाली कसलाही आधार नाही. मग हळूच बाकीची सुषिर वाद्यं येतात, आणि वाद्यवृंद पहिल्या द्रुत भागात शिरतो तेव्हा त्या ओबोने विचारलेला प्रश्न सगळ्यांच्या अंगात भिनलेला असतो. बेथोवनची छाया आहे, मेंडेल्सनचीही आहे. पण अनावश्यक असा एक स्वर सापडणार नाही. मला ही सिम्फनी शूमानच्या काही सिम्फनींपेक्षा अधिक बांधेसूद वाटते.

स्माइथचा स्वभाव फारांकहून वेगळा, सगळं अंगावर घेणारा. तिचा ‘द रेकर्स’ १९०६ मध्ये लाइपझिगला झाला. कंडक्टरने तिसऱ्या अंकाला कात्री लावली. पहिला प्रयोग चांगला गेला तरी ही बाई ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात उतरली, स्टँडवरच्या साऱ्या प्रती गोळा केल्या आणि घेऊन निघून गेली. दुसरा प्रयोग होण्याचा प्रश्नच मिटला. कलावंताचा स्वाभिमान म्हणून ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. मला त्यात नुकसानही दिसतं. मात्र कात्री लागलेला तो अंक ऐकला की तिचा संताप समजतो. किनाऱ्यावर येणारी जहाजं खडकांवर आपटवून लुटणारं कॉर्नवॉलमधलं गाव, जहाजांना सावध करणारा एकजण आणि त्याची प्रेयसी. गावकरी दोघांना समुद्राकाठच्या गुहेत कोंडतात आणि भरतीची वाट पाहतात. पाणी चढतं तसा वाद्यवृंद चढत जातो. काही ठिकाणी रचना पसरट आहे, वाग्नरचं कर्ज लपत नाही. तरी हा शेवट कापण्यासारखा नक्कीच नाही. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नने २०२२ मध्ये हा ऑपेरा मूळ फ्रेंच संहितेवर रंगवला.

आता ‘स्त्री संगीतकारांची दुपार’ या प्रकाराबद्दल. आठ मार्चच्या आसपास युरोप-अमेरिकेतले ऑर्केस्ट्रा असे कार्यक्रम लावतात. हेतू चांगला, पण मांडणीत गडबड असते. लिली बुलांजेची १९१८ च्या सुमाराची पाच-सहा मिनिटांची फ्रेंच रंगछटा, तिच्याशेजारी बीचची भरदार बॉस्टनी सिम्फनी, मधे काच्चीनीचं एखादं गीत; यांना जोडणारी गोष्ट फक्त लिंग. बाख, बर्लिओझ आणि बार्टोक पुरुष होते म्हणून त्यांना कुणी एका दुपारी बसवत नाही. एरवीच्या हंगामात स्त्रीची रचना असते ती बहुधा सुरुवातीची दहा मिनिटं, उशिरा येणारे खुर्च्या शोधत असताना. बुलांजेचा तो तुकडा इतका वाजतो यामागे त्याच्या सौंदर्याइतकंच त्याचं आखूडपण आहे.

प्राइसच्या बाबतीत मात्र काहीतरी खरोखर बदललं. तिच्या हस्तलिखितांचा मोठा साठा २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात सापडला. पण बातमीने संगीत जगत नाही. २०१८ मध्ये शर्मर या प्रकाशन संस्थेने तिच्या साहित्याचे हक्क घेतले, वाजवण्याजोग्या प्रती मिळू लागल्या, आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. सापडणं आणि वाजणं यांमध्ये छापखाना असतो.

सारिआहोच्या शेवटच्या ऑपेराने, ‘इनोसन्स’ने, दुसऱ्या प्रयोगाची सोय आधीच करून ठेवली. शाळेतल्या गोळीबारानंतर दहा वर्षांनी एका लग्नात उघडी पडणारी जखम, नऊ भाषांतली संहिता, आणि फिनिश लोकगायनाच्या धाटणीत गाणारी मृत मुलगी. दीड-पावणेदोन तासांत श्वास घ्यायला जागा नाही. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एक्स महोत्सवात तो उभा राहिला तेव्हा हेलसिंकी, लंडन, ॲमस्टरडॅम आणि सॅन फ्रान्सिस्को ही ऑपेराघरं आधीच भागीदार होती. खर्च एकट्या ऑपेराघरावर पडला नाही, आणि ऑपेराला पाच शहरं मिळाली. याउलट जनीन टेसोरी या संगीतकर्तीच्या ‘ग्राउंडेड’ या ऑपेराने मेट्रोपॉलिटनचा २०२४ चा हंगाम सुरू झाला, मानाची जागा, पण पडद्यांच्या झगमगाटापुढे संगीत मला दबलेलं वाटलं. ते म्हणायलाही हरकत नसावी. बाईच्या रचनेला नापसंत करता येणं, हाही बरोबरीचाच भाग आहे.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे मागणी इतकीच: फारांकची तिसरी सिम्फनी मध्यंतराआधी नको, नंतर ठेवा. आणि दोन हंगामांनी पुन्हा ठेवा, मार्च सोडून.