वहीबरोबर घरी जाणारे जंतू

ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात अमेरिकेच्या ३८ राज्यांत साल्मोनेला टायफिम्युरियम या जंतूच्या एकाच वाणाने १०९ माणसे आजारी पडली. एक रुग्ण दगावला. साल्मोनेला म्हटले की संशय जातो तो अंड्यांवर, कोंबडीच्या मांसावर. या वेळी मात्र माग पोहोचला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत. त्यांत विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळाही होत्या. हा वाण प्रयोगांसाठी विकत मिळणारा होता. रुग्णांमध्ये काही लहान मुले होती. त्यांच्या घरातले कोणीतरी अशा प्रयोगशाळेत शिकत किंवा काम करीत होते.

या घटनेनंतर, २०१२ मध्ये, अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजी या संस्थेने अध्यापन प्रयोगशाळांसाठी जैवसुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा मोठा गुण म्हणजे ती साध्या गोष्टींकडे लक्ष देतात. लिहायला पेन प्रयोगशाळेचेच हवे, स्वतःचे सामान कामाच्या टेबलापासून दूर हवे, बाहेर पडताना हात धुवायलाच हवेत. हे नियम क्षुल्लक वाटतील. पण साल्मोनेला तोंडावाटे शरीरात शिरतो. एप्रन प्रयोगशाळेतच राहतो, पेन आणि वही घरी जातात, आणि घरी रांगणारे मूल हाती येईल ते तोंडात घालते.

दुसरी सूचना शाळांनीही लक्षात घ्यावी अशी आहे. मातीतून, हातावरून किंवा दाराच्या मुठीवरून घेतलेले नमुने बशीत वाढवले, तर साध्या प्रयोगशाळेत ती बशी चिकटपट्टीने बंदच ठेवावी. त्यातले जंतू पुन्हा वेगळे वाढवू नयेत. कारण उघड आहे. मुठीवर मोजके असणारे जंतू बशीत कोट्यवधी होतात, आणि ते कोणते हे आपल्याला माहीत नसते.

आता उणिवा. ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. पाळायची की नाही हे शेवटी संस्थेवर राहते. शिवाय धोके समजल्याच्या करारावर विद्यार्थ्याची सही घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. सहीमुळे जबाबदारी कोणाची हे ठरते, पण हाताची सवय बदलत नाही. प्रयोगशाळांशी संबंधित अशीच साथ २०१४ मध्ये पुन्हा आली, तेव्हा ४१ रुग्ण आढळले. २०१७ मध्ये २४. एवढ्यावरून तत्त्वे निरुपयोगी ठरत नाहीत. नियम छापले म्हणजे ते अंगवळणी पडले असे नाही, एवढे मात्र नक्की कळते.

अंगवळणी पाडण्याचे काम शिक्षकाचे. त्यासाठी महाग साधने लागत नाहीत. जंतूंचा पहिला प्रयोग देण्याआधी विद्यार्थ्यांच्या बोटांना चिमूटभर हळद लावावी आणि तासभर नेहमीसारखे काम करू द्यावे. मग पांढरे फडके कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात भिजवून पेन, वही, नळ आणि दिव्याचे बटण पुसावे. जिथे हळद पोहोचली असेल तिथे फडक्यावर लाल डाग उमटतील. आपली बोटे कुठे कुठे फिरतात हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला पेन प्रयोगशाळेतच का ठेवायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. सही त्यानंतर घ्यावी.