कण्हेर, ऑलिएंडर आणि गाढवाचं विष

मावळातून लोणावळ्याकडे जाताना महामार्गाच्या दुभाजकात गुलाबी-पांढरी कण्हेर दिसते. बारमाही हिरवी, कमी पाण्यावर तगणारी, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडवणारी. त्याच गाडीत बसून इंग्रजी कादंबरीत 'ऑलिएंडर' वाचणाऱ्याला मात्र ते झाड खिडकीबाहेरच आहे हे कळत नाही. मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं.

दोष फक्त वाचकाचा नाही. अनुवादातही असे शब्द पुष्कळदा नुसते देवनागरीत उतरवले जातात. 'ती ऑलिएंडरपाशी थांबली' असं वाचलं की डोळ्यांसमोर काहीतरी विलायती, नाजूक उभं राहतं.

मग 'कण्हेर' लिहिलं की काम झालं? तेवढंही सोपं नाही. जॅनेट फिचच्या 'व्हाइट ऑलिएंडर' (1999) या कादंबरीत एक कवयित्री या झाडाच्या विषाने प्रियकराचा जीव घेते. 'पांढरी कण्हेर' म्हणताच आपल्याला आधी फुलांची परडी आणि महादेवाची पिंड आठवते. विष मागून येतं. उर्दूत रोजच्या बोलण्यातला शब्द 'कनेर', पण युनानी वैद्यकातून आलेलं फारसी नाव 'खरजहरा'. खर म्हणजे गाढव, जहर म्हणजे विष. संस्कृतात तीच 'अश्वमारक', घोडा मारणारी. दोन भाषांनी जनावर वेगळं निवडलं, इशारा मात्र एकच दिला. इंग्रजी नावात तो इशारा ऐकू येत नाही.

रवींद्रनाथांच्या 'रक्तकरबी' नाटकाचं इंग्रजी नाव 'रेड ऑलिएंडर्स'. नंदिनीच्या अंगावरची ही लाल फुलं प्रेमाची आणि बंडाची. पण 'मृच्छकटिका'त वधासाठी नेल्या जाणाऱ्या चारुदत्ताच्या गळ्यातही करवीराचीच माळ असते. 'करबी' म्हटलं की ती माळ जवळ येते. 'ऑलिएंडर' म्हटलं की दूर जाते. अर्थ तोच राहतो, आठवण जाते.

परक्या शब्दाला माझा विरोध नाही. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या कुंपणावर चढलेली बोगनवेल पाहा. नाव बुगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचं. मराठीने त्याच्या शेपटात 'वेल' ऐकली आणि शब्द घरचा करून टाकला. 'ऑलिएंडर'चं तसं झालेलं नाही, आणि व्हायची गरजही नाही, कारण इथे शब्द आधीच होता.

म्हणून अनुवादकाने बेधडक 'कण्हेर' लिहावं. विष नावात नसलं तरी बोलण्यात आहे: 'गुरं तिला तोंड लावत नाहीत.' एवढं एक वाक्य कादंबरीत योग्य जागी आलं, तर तळटीप लागणार नाही.

हा प्रश्न निव्वळ साहित्याचाही नाही. कण्हेरीचं पान, फूल, काडी, सगळंच विषारी असतं. सुट्टीत बंगल्यावर आलेल्या मुलाने पान तोडलं, तर 'ते ऑलिएंडर आहे' या माहितीचा त्याला काय उपयोग? 'कण्हेर आहे, तोंडात घालू नकोस' हे मात्र त्याला लगेच कळेल.