साधन की साक्ष?

काव्याने उपदेश करावा की करू नये, हा वाद आपल्या टीकावाङ्मयात पुष्कळ जुना आहे; त्यात नवीन भर घालण्याची आमची प्रतिज्ञा नाही. परंतु अमेरिकेतील ख्रिस्ती हिप-हॉप ऐकत असता तोच वाद निराळ्या वेषात आमच्यापुढे उभा राहिला. या गीतांची भलावण करणारे पाळक त्यांना शहरवस्तीतील सेवाकार्याचे 'साधन' म्हणतात. आमचे अडते ते या एका शब्दापाशी.

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातला. महामार्गासाठी पाडलेली घरे, जळून गेलेल्या इमारती आणि रोजगाराला मुकलेली तरुण पिढी, अशा त्या वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने एका घरगुती समारंभात तबकड्या वाजविल्या, आणि तेथून या कलेचा प्रारंभ मानला जातो. दोन यंत्रांवर एकच तबकडी ठेवून तालाचा तुकडा लांबवावयाचा आणि त्यावर यमकांनी घट्ट बांधलेले बोलणे वेगाने म्हणावयाचे, एवढीच तिची सामग्री. 'मी कोण आणि माझी गल्ली कोणती' हा तिचा पहिला विषय. म्हणजे ही कला मुळातच साक्ष आहे.

१९८५ मध्ये स्टीफन वायली याची 'बायबल ब्रेक' ही ध्वनिफीत निघाली, आणि तेव्हापासून उपदेशकाने हा साज अंगावर चढविला. पुढे फिलाडेल्फियातील शाय लिन याने २००८ च्या 'द अटोनमेंट' या संग्रहात ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताचा सिद्धांत गीतामागून गीत घेऊन मांडला. त्याची निष्ठा व यमकांवरील प्रभुत्व निर्विवाद आहे. तथापि ऐकताना पुष्कळदा वाटते की वर्ग भरला आहे, गुरुजी उत्तम आहेत, पण खिडकी बंद आहे. बाहेरच्या रस्त्याचा आवाज काही आत येत नाही.

उलट पक्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये काही उपदेशकांनी एका जाहीर चर्चेत हा गीतप्रकारच ऐहिक ठरवून त्याचा धिक्कार केला. (त्यांतील काहींनी मागाहून क्षमा मागितली, हे नमूद केले पाहिजे.) या आक्षेपाचे उत्तर मराठी वाचकाला शोधावे लागू नये. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी वारकऱ्यांचा अभंग ख्रिस्ताच्या चरणी वाहिला, आणि तो तेथे परका वाटला नाही. का वाटला नाही? टिळकांनी अभंग 'साधन' म्हणून बाजारातून आणला नव्हता. ती त्यांच्या अंतःकरणाचीच बोली होती.

तीच कसोटी आम्ही येथे लावतो. प्रोपगांडा या नावाने गाणाऱ्या कवीचे २०१२ मधील 'प्रेशस प्युरिटन्स' हे गीत घ्या. ज्या प्युरिटन धर्मपंडितांचे आपण व्यासपीठावरून गोडवे गाता, त्यांच्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधाचे काय, असा प्रश्न तो थेट पाळकाला विचारतो आणि शेवटी बोट स्वतःकडेही वळवितो. गीताने मंडळींत मोठा वाद माजला. हे साहजिकच होते. साधनाने उलट प्रश्न विचारावा, ही अपेक्षा कोणी केलेली नसते!

लक्रे याची कहाणी याहून बोलकी आहे. त्याच्या 'ग्रॅव्हिटी'ला २०१३ मध्ये उत्कृष्ट गॉस्पेल संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०१४ चा 'अ‍ॅनॉमली' बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तोवर तो सर्वांचा लाडका होता. परंतु ४ जुलै २०१६ या स्वातंत्र्यदिनी त्याने कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीय गुलामांचे छायाचित्र प्रसिद्ध करून, १७७६ साली आपले घराणे कोठे होते याची आठवण दिली, तेव्हा अनेक चाहते खवळले. त्याने सुवार्ता सोडून राजकारण आरंभिले, ही त्यांची तक्रार. २०१७ मध्ये त्याने गोऱ्या इव्हँजेलिकल वर्तुळाशी आपले नाते तुटल्याचे उघड सांगितले. तारणाविषयी त्याने गावे, पण ज्या वस्तीला तारण हवे तिच्या दुःखाविषयी मौन पाळावे, ही अट आम्हांस धर्माच्या दृष्टीने व कलेच्या दृष्टीने सारखीच अन्यायाची वाटते.

ज्या ब्राँक्समध्ये ही कला जन्मली तेथेच, मॉरिसानियातील ट्रिनिटी चर्चच्या टिमथी होल्डर या पाळकाने २००४ मध्ये हिप-हॉपच्या भाषेत उपासना सुरू केली. २००६ मध्ये तिचे प्रार्थनापुस्तकही निघाले. छापील पानावर त्यातील बोली आम्हांस काहीशी ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. पण तेथे पाळक गल्लीची भाषा शिकावयास निघाला आहे, हा फरक लहान नव्हे.

या दृष्टीने लक्रेचे २०१२ मधील 'चर्च क्लोद्झ' आम्हांस सर्वांत सरस वाटते. त्यात बोलतो तो पाळक नव्हे, तर चर्चकडे पाठ फिरविलेला वस्तीतला तरुण. धर्मसभेतील ढोंगांचा पाढा तो न अडखळता वाचतो, कवी त्याला मध्येच थांबवून शिकवीत नाही. आणि अखेरीस तो तरुण अंगावरच्या रोजच्या कपड्यांकडे पाहतो, तेव्हा निराळे कपडे शिवावयाची गरज त्याला वाटत नाही.