‘झरोका’ कोणाचा?

आमच्या लांजीत पुष्कळ घरांतले मूल घरी मराठी किंवा पवारी बोलते आणि शाळेत हिंदी लिहिते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने हिंदीच्या उत्तरपत्रिकेत ‘झरोका’ लिहिले. मी लाल शाईने त्याचे ‘झरोखा’ केले, अर्धा गुण कापला आणि समासात शेरा मारला : ‘मराठीचा दोष’. गुण कापल्याचे काही वाटत नाही. हिंदीत ‘झरोखा’च लिहायला हवे. शेरा मात्र चुकला.

उलट बाजूची चूक आपल्या मराठी मंडळींची. ‘झरोका’ हा मोगलाईतला शब्द, शुद्ध मराठीत ‘गवाक्ष’ म्हणा, असे काहीजण मोठ्या ठसक्याने सांगतात. मोगल बादशहा झरोक्यात बसून प्रजेला दर्शन देत, हे खरे. पण म्हणून शब्द फारसी ठरत नाही. जॉन प्लॅट्सने १८८४ च्या आपल्या कोशात त्याची फोड ‘जाल’ अधिक ‘गवाक्ष’ अशी दिली आहे. म्हणजे जाळीची खिडकी. ज्या शब्दाला हाकलून गवाक्षाला बसवायचे, त्याच्याच पोटात गवाक्ष!

गवाक्ष म्हणजे शब्दशः गाईबैलाचा डोळा. भिंतीला डोळा असतो ही कल्पना आपल्यापुरतीच नाही. इंग्रजी ‘विंडो’चे मूळ जुन्या नॉर्स भाषेत ‘वाऱ्याचा डोळा’ असे आहे, आणि आपल्या ‘वातायना’तही वारा आहेच. हिंदी मुलाला निदान ‘आँख’मधून ‘अक्षि’ ओळखता येते. मराठीत ‘डोळा’ आला आणि ती ओळख पुसली.

आता ‘ख’चे पाहू. ‘बुभुक्षा’ हिंदीत ‘भूख’ झाली, मराठीत ‘भूक’. ‘भिक्षे’ची तिकडे ‘भीख’, इकडे ‘भीक’. ते ‘सीखते’ हैं, आपण ‘शिकतो’. ‘हाथ’ आणि ‘हात’ तर रोजचेच. शेवटचा हकार मराठीने पुष्कळदा सोडून दिला, आणि ‘झरोका’ त्याच ओळीत बसतो. त्या मुलाच्या हातून मराठीची शेकडो वर्षांची सवय उत्तरपत्रिकेत उतरली होती; तिला मी दोष म्हटले.

हल्ली या जोड्या मी नववीच्या फळ्यावर लिहितो. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, मग ‘लक्ष’चे मराठीत ‘लाक’ का नाही झाले? आई तर ‘लाख’च म्हणते.”

मी खडू खाली ठेवला. ‘राख’ही मला त्याच क्षणी आठवली.