व्हेलोरेन: जग उभं राहिलं, गोष्ट कुठंय?

स्वयंसेवकांनी फावल्या वेळात बनवलेल्या सॉफ्टवेअरची प्रगती मोजायची कशी, हा माझ्या संशोधनातला एक प्रश्न. आज तो एका गेमला लावून पाहू. 'व्हेलोरेन' हा ओपन सोर्स ऑनलाइन रोलप्लेइंग गेम आहे. ठोकळ्या-ठोकळ्यांचं जग, त्यात एकाच वेळी वावरणारे अनेक खेळाडू आणि प्रत्येकाचं स्वतःचं पात्र.

याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. एका जोडप्याने बनवलेल्या 'क्यूब वर्ल्ड'ची अपुरी आवृत्ती २०१३ मध्ये विक्रीला आली. त्यानंतर बरीच वर्षं बनवणारे जवळजवळ गप्पच होते. पूर्ण गेम आला थेट २०१९ मध्ये. मधल्या काळात, २०१८ ला, काही चाहत्यांनी व्हेलोरेन सुरू केला. त्याचा परवाना जीपीएल. म्हणजे कोणीही कोड वाचावा, बदलावा, स्वतःचा सर्व्हर चालवावा. कोणी एक गप्प बसला म्हणून हा गेम बंद पडत नाही.

आता प्रगती. आवृत्तीचा आकडा अजून एकच्या खालीच आहे, आणि त्यावरून 'हे कधी पूर्ण होणार?' असं विचारणारे बरेच भेटतात. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. या मंडळींनी २०१९ च्या सुरुवातीला पहिला कोड बाजूला ठेवून गेम नव्याने लिहायला घेतला. पगारी कंपनीत असा निर्णय घेणं किती कठीण असतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. इथे तो घेतला गेला आणि त्याचं फळ आज दिसतं. पॅराग्लायडरसारखा ग्लायडर उघडून डोंगरावरून उडी घ्या. खाली पसरलेल्या दऱ्या कोणी हाताने कोरलेल्या नाहीत. पाण्याने जमीन कशी झिजते याचं गणित संगणकाने करून त्या घडवल्यात. म्हणूनच नद्या उगाच काढलेल्या रेघांसारख्या वाटत नाहीत. तुम्ही जवळ नसतानाही गावकरी आणि व्यापारी या गावाहून त्या गावाला जात असतात, त्यांचा हिशेब सर्व्हर ठेवतो. हे काम खरोखर उच्च दर्जाचं आहे.

मग अडतं कुठे? गावात जा आणि कोणाशी तरी बोला. मी खेळलेल्या आवृत्त्यांमध्ये दहा माणसांशी बोललो तरी लक्षात राहील असं एकही पात्र भेटलं नाही. सहा वंश आहेत, शस्त्रं आहेत, कौशल्यांचे वृक्ष आहेत, गुहांतले राक्षस आहेत. पण मी त्या राक्षसाला का मारतोय? 'रोलप्लेइंग'मधला 'रोल' तुमचा तुम्हीच शोधायचा.

यात आळस नाही, याचं कारण कामाच्या वाटणीत आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेलं निरीक्षण आमच्या विषयात वारंवार येतं: माणसं आपापसांत जशी बोलतात, तसाच त्यांनी बनवलेल्या यंत्रणेचा आराखडा होतो. स्वयंसेवक येतो, दोन शनिवार-रविवार काम करतो, एक नवा प्राणी किंवा नवी कुऱ्हाड देऊन जातो. असं सुटं काम तपासायला सोपं, जोडायला सोपं आणि उद्या तो माणूस गेला तरी अडत नाही. गोष्टीचं तसं नाही. तिसऱ्या प्रसंगातला सूड पहिल्या प्रसंगातल्या अपमानावर उभा असतो. तिला कोणीतरी वर्षभर डोक्यात वागवावं लागतं. डोंगर गणितावर सोपवता आले, कथा अजून तशी सोपवता आलेली नाही.

'प्लेनशिफ्ट' या जुन्या स्वयंसेवी गेमने उलटी वाट धरली. तिथे हाताने लिहिलेलं जग आणि पात्राच्या भूमिकेत राहून खेळण्यावर भर आहे. मात्र कोड खुला असला तरी चित्रं आणि कथासामग्री वेगळ्या, बंदिस्त परवान्याखाली आहे. म्हणजे गोष्ट सांभाळायला त्यांनी कुंपण घातलं. व्हेलोरेनने कुंपण घातलं नाही आणि गोष्ट पातळ राहिली. माझ्या मते हे दोन टोकांचे पर्याय नाहीत. परवाना खुला ठेवूनही एखादी दरी, त्यातलं एक गाव आणि दहा पात्रं तीन-चार लेखकांकडे वर्षभरासाठी सोपवता येतील. बाकीच्यांनी सूचना द्याव्यात, शेवटचा शब्द त्या लेखकांचा.

तेव्हा तुम्ही हा गेम उघडाल तेव्हा आवृत्तीचा आकडा पाहू नका. डोंगर मनसोक्त बघा, ते त्या कौतुकाला पात्र आहेत. मग गावात जाऊन चार माणसांशी बोला आणि बाहेर पडल्यावर त्यातल्या एकाचं तरी नाव आठवतंय का, ते पाहा. ज्या दिवशी आठवेल, त्या दिवशी आकडा कितीही असो, गेम पुढे गेला असं मी म्हणेन. आणि तुम्हाला लिहिता येत असेल, तर या प्रकल्पाला आणखी एका कुऱ्हाडीपेक्षा तुमची गरज जास्त आहे.