दुर्गचित्रांचे ग्रंथ आणि स्थलवाचक शब्द : राजगड-तोरण्याच्या निमित्ताने

मराठीत दुर्गविषयक सचित्र ग्रंथ पुष्कळ निघाले. परंतु त्यांतील चित्र आणि शब्द यांच्या परस्परसंबंधाचा विचार क्वचितच झालेला दिसतो. परीक्षणांत कौतुक होते ते छायाचित्रकाराच्या साहसाचे, कागदाचे आणि छपाईचे. चित्राखालची ओळ हाही ग्रंथाचाच भाग असून तिच्यावरही काही जबाबदारी असते, हे जणू कोणाच्या ध्यानीच येत नाही. भोर व वेल्हे या मुलखापुरता हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही स्थळे ज्या प्रदेशात एकमेकांच्या दृष्टिपथात उभी आहेत, तेथील कडेकपारींना व बांधकामांना मिळालेली नावे स्वतःच चित्रे आहेत.

तोरण्याची बुधला माची घ्यावी. बुधला म्हणजे तेलातुपाचे, पोट मोठे व तोंड निमुळते असलेले भांडे; माचीवरचा सुळका उपड्या घातलेल्या बुधल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. राजगडाच्या सुवेळा माचीवरील खडकाला आरपार पडलेल्या भोकास नेढे म्हणतात, आणि नेढे म्हणजे सुईचे छिद्र. संजीवनी माचीवरचे चिलखती बुरूज हे तर स्थापत्याचे वर्णनच होय : आत मूळ बुरूज, त्याभोवती कवचासारखी दुसरी भिंत, आणि दोहोंमधून माणूस जाईल एवढी वाट. 'माची' या शब्दाचा घरगुती अर्थ लहान खाट किंवा बैठक असा असून त्याचे नाते 'मंच' या शब्दाशी आहे. 'बालेकिल्ला' या शब्दातील 'बाला' फारसी. त्याचा अर्थ 'वरचा'. स्वयंपाकघर, शिवणकाम, शस्त्रागार आणि दरबार अशा चार ठिकाणांहून आलेले हे शब्द एकाच डोंगररांगेवर नांदतात. शिवाय सुवेळा आणि संजीवनी ही नावे रामकथेची आठवण देतात, ते वेगळेच.

या नावांचा एक विशेष असा की, नाव देणाऱ्याने कोठे उभे राहून पाहिले याची नोंद नावातच राहिलेली असते. सुळका बाजूने पाहिला तरच तो बुधला. नेढ्यातून पलीकडचे आकाश दिसते ते त्याच्यासमोर उभे राहिल्यावर. आणि 'बाला' असे म्हणणारा माणूस खाली असतो.

उद्धव ठाकरे यांचा 'महाराष्ट्र देशा' (२०१०) हा या वर्गातील विशेष गाजलेला छायाचित्रग्रंथ. आकाशातून टिपलेली किल्ल्यांची चित्रे हे त्याचे वैशिष्ट्य. या दृष्टिकोनाने जे साधते ते कमी लेखण्याचे कारण नाही. राजगडाच्या तीन माच्या बालेकिल्ल्यापासून तीन दिशांना कशा पसरल्या आहेत, किंवा संजीवनी माचीची टप्प्याटप्प्याने उतरत, वळणे घेत गेलेली तटबंदी आणि तिच्या समांतर धावणारी दुसरी भिंत ही एका दृष्टिक्षेपात पाहणे पायी जाणाऱ्याला अशक्यच. पूर्वी जे फक्त नकाशातून कळत असे ते येथे डोळ्यांना दिसते. मात्र नकाशात प्रत्येक रेषेला नाव असते, येथे ते नसते. आणि नेमक्या याच उंचीवरून वर सांगितलेली सारी रूपके मोडतात. थेट वरून बुधल्याचा आकार हरवतो, नेढे दिसतच नाही, चिलखताची वाट ही केवळ एक काळी रेघ होते. म्हणजे ज्या चित्राला शब्दाची सर्वाधिक गरज, तेथेच शब्द आखडता घेतला जातो. हा दोष एका ग्रंथाचा नव्हे. 'कॉफी टेबल बुक' या प्रकाराच्या मांडणीतच तो आहे. चित्र पानाच्या चारही कडांना भिडवायचे ठरले की ओळीला जागा उरत नाही, आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मध्य बांधणीच्या शिवणीत जातो. संजीवनीसारख्या लांबट माचीचे त्यात काय होत असेल, ते सांगावयास नको.

उलट बाजूस 'गोनीदांची दुर्गचित्रे' हा संग्रह ठेवून पाहावा. गो. नी. दांडेकर पायी हिंडले, आणि राजगडावर त्यांचा विशेष जीव. तांत्रिक सफाईत ही चित्रे मागे पडतील. परंतु ती माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरची आहेत आणि म्हणूनच स्थानिक शब्दांशी त्यांचे जुळते.

शब्दाची हेळसांड किती दूर जाते याचे जुने उदाहरण भोरच्याच नावाचे आहे. खंडाळ्याचा बोरघाट, ज्यातून १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाला, तो एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात 'भोर घाट' असाही छापला गेला. भोर गावाशी त्याचा काही संबंध नाही. भोरहून महाडकडे उतरतो तो वरंधा घाट. एका महाप्राण अक्षराने चित्रातला डोंगर दुसऱ्या खोऱ्यात नेऊन ठेवला.

२०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत राजगड आहे. तेव्हा राजगडावर नवे सचित्र ग्रंथ निघतील, हे उघड आहे. त्यांच्या संपादकांनी निदान एवढे करावे : प्रत्येक चित्राखाली ते कोठून घेतले ते लिहावे, पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, अळू दरवाजा, चोरदिंडी, डुबा ही नावे चित्रावर स्थान दाखवून द्यावीत, आणि आकाशातून घेतलेल्या प्रत्येक चित्राशेजारी त्याच जागेचे पायथ्याकडून घेतलेले एक लहान चित्र छापावे. गुंजवणे, पाली, वाजेघर, भुतोंडे या गावांत हे शब्द वापरणारी माणसे आहेत. त्यांना विचारून चित्रपरिचय लिहिण्यास फार खर्च येणार नाही. चकचकीत कागदाच्या एका फर्म्यापेक्षा तो कमीच असेल.

तोरणा त्या यादीत नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याला छापील पाने कमी येणार, आणि 'बुधला' हा शब्द घरातल्या फडताळातून केव्हाच गेलेला असल्याने, आता तो मुख्यतः त्या माचीवरच उरला आहे.