अबोल मुलींच्या कविता

ऑक्सफर्ड म्हटले की विद्यापीठाचे मनोरे डोळ्यांसमोर उभे राहतात. त्याच शहराच्या पूर्वेस मोटारींच्या कारखान्याभोवती वाढलेली काउली नावाची कामकरी वस्ती आहे. तेथील 'ऑक्सफर्ड स्पायर्स अकॅडमी' ह्या शाळेत ३० भाषांच्या घरांतून आलेली मुले एका बाकावर बसून इंग्रजी शिकत. त्यांच्या कवितांचा 'इंग्लंड : पोएम्स फ्रॉम अ स्कूल' हा संग्रह शाळेत लेखनवर्ग चालविणाऱ्या कवयित्री केट क्लँची यांनी २०१८ साली संपादित केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या अध्यापनाच्या आठवणींचे 'सम किड्स आय टॉट अँड व्हॉट दे टॉट मी' हे पुस्तक आले. ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवूनच वाचावीत, असे आमचे मत आहे.

वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलींना एकत्र करून बाईंनी एक गट उभा केला. 'फार अबोल परदेशी मुलींचा कवितागट' असे त्याचे नाव. त्याविषयी त्यांनी २०१६ साली 'गार्डियन'मध्ये लिहिले होते. रीत अगदी साधी. एक उत्तम कविता मोठ्याने वाचायची, आणि शब्दार्थ व प्रश्नोत्तरे ह्यांत न अडकता तिच्या घडणीच्या आधाराने प्रत्येकीने आपली कविता लिहायची. आधी व्याकरण, मग निबंध, आणि उरलाच वेळ तर कविता, हा परभाषा शिकविण्याचा रूढ क्रम येथे उलटा झाला. त्यामागचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. परक्या भाषेत उभे राहून उत्तर देणाऱ्या मुलाला चुकीची धास्ती असते. कवितेत मात्र तुटक वाक्य चालते, थांबणे चालते, घरच्या बोलीतला शब्दक्रमही चालतो. निबंधाच्या वहीत ज्या ओळीखाली लाल रेघ पडली असती, तीच ओळ येथे लय म्हणून उभी राहते. शिवाय गट असल्यामुळे ऐकणारे कान असतात, आणि ते कानही आपल्यासारखेच दुसरीकडून आलेले.

संग्रहातील साऱ्याच कविता सारख्या उंचीच्या नाहीत. नमुन्याची कविता समोर ठेवून लिहिण्याचा एक तोटा असा, की साचा कधी कधी उघडा पडतो. सुटलेला गाव, आजी, घरचे जेवण ह्या खुणाही पुन्हा पुन्हा भेटतात. निर्वासित मुलाने हेच लिहावे, अशी वाचकाची अपेक्षा त्यामागे नकळत काम करीत असावी, अशी शंका आम्हांस येते. तरीही ह्या कविता दुःखाचे दाखले म्हणून वाचणे त्यांच्यावर अन्याय होईल. ह्या मुलांनी फॉईल यंग पोएट्ससारख्या स्पर्धांत पारितोषिके मिळविली, ती कणव म्हणून नव्हेत.

आता दुसरे पुस्तक. त्यास २०२० साली ऑर्वेल पारितोषिक मिळाले आणि २०२१ साली त्यावर वादळ उठले. मुलांची ओळख करून देताना लेखिकेने त्यांच्या कातडीचा रंग, नाकडोळ्यांची ठेवण चॉकलेट-बदामाच्या उपमांनी रंगविली होती, आणि स्वमग्न मुलांविषयी लिहिताना तर तोल सुटला होता. प्रकाशकांनी क्षमा मागितली. टीका करणाऱ्या लेखिकांना उलट वर्णद्वेषी शिवीगाळ सोसावी लागली, हे विशेष खेदाचे. २०२२ च्या आरंभी पिकॅडोर आणि लेखिका यांचे संबंध संपले आणि पुस्तक दुसऱ्या प्रकाशनाकडे गेले.

लक्षात राहण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. जिचे डोळे बदामी म्हणून वर्णिले होते, ती अफगाणिस्तानातील हजारा समाजाची मुलगी स्वतः बाईंच्या बाजूने पुढे आली. ही खूण ती आपल्या कवितांत स्वतःच वापरीत आली होती. मग टीकाकार चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. हजारा मुलगी स्वतःस बदामी डोळ्यांची म्हणते तेव्हा त्या शब्दांत तिच्या लोकांनी सोसलेला छळ आणि त्यावर मात करणारा ताठा असतो. तोच शब्द शिक्षिका लिहिते तेव्हा ते बाहेरून केलेले वर्णन होते, मग हेतू कितीही मायेचा असो. शब्द एकच असला तरी लेखणी बदलली की त्याचे वजन बदलते. बाईंनी मुलींच्या हाती लेखणी दिली, हे त्यांचे मोठे काम. ती लेखणी स्वतः घेऊन मुलींचेच चित्र काढावयास बसल्या, तेथे त्यांचा हात घसरला. हे म्हणताना दोन्ही पुस्तके एकाच हातून घडली आहेत, ह्याचा विसर पडू देऊ नये.

वसईत घरी कादोडी, देवळात मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणारी मुले आपल्या ओळखीची आहेत. इंग्रजी निबंधाची वही तपासताना आपण तिच्यात काय शोधतो, हे ज्याने त्याने पाहावे.

संग्रहाच्या नावाविषयी एक शब्द. मुखपृष्ठावर 'निर्वासितांच्या कविता' असे लिहिलेले नाही, 'परदेशी मुलांचे शब्द' असेही नाही. नेपाळी, बंगाली, दरी बोलणाऱ्या घरांतील मुलांच्या ह्या पुस्तकावर एकच शब्द ठळक आहे : इंग्लंड.